खात्री

तिचं नाव काद्री. देश एस्टोनिया,
जो मी नकाशात शोधूनही
कुणाला नीट दाखवू शकले नाही.
वाडीवर पहिल्याच रविवारी त्याचं खात्री झालं.
मी दुरुस्त केलं नाही.

गावडोंगरीच्या पलीकडे, कदंबची बस जिथे वळून परत जाते,
तिथली शाळा. व्हरांड्यात दोन बाकं जोडून तपासणीचं टेबल,
फळ्यावर शुक्रवारचा नवाचा पाढा,
शेवटच्या दोन ओळी पुसलेल्या.
मी वजनकाट्यापाशी. वहीत नावं लिहायला
आणि मधे बोलायला.
मी दोडामार्गची, माझ्या कोकणीला इथली माणसं गालात हसतात,
माझं इंग्रजी काद्रीला जरा कडक वाटतं.
दोघांच्या मधे मी, चहाच्या गाळणीसारखी:
काय खाली जाईल, काय वर राहील,
ठरवणारी मी कोण?

"दुखणं एक ते दहात किती?" तिने विचारलं.
शाबी वेळीपने गुडघ्यावरचं लुगडं सारखं केलं.
काजूच्या दिवसांत, बोंडं वेचताना, पुष्कळ, म्हणाली.
नाचणी कापताना तेवढं नाही.
थोरला घर सोडून गेला त्या दिवशी मुळीच नव्हतं,
त्या दिवशी गुडघे कुठे होते कोण जाणे.
मी म्हटलं, सेव्हन.
काद्रीने सात लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

फटी गावकर खोकला घेऊन आला, कानावर विडी.
सोडली म्हणतो, मी सांगितलं.
कानाचं सांगितलं नाही.
ते तिला दिसत होतं.

एक पोरगा नुसताच रांगेत उभा राहायचा, दर रविवारी.
त्याला काही होत नव्हतं.
स्टेथोस्कोप कानाला लावून स्वतःचं ऐकायचा
आणि डोळे मोठे करून विचारायचा,
"भितर कोण ठोकता?"

आभार कसे मानतात इथे? काद्रीने एकदा विचारलं.
देव बरें करूं, मी म्हटलं, आणि अर्थ सांगितला.
ती हसली. मग मी कशाला आले इतक्या लांब?
पण रोज पाठ करत राहिली, बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून,
'रें' वर अडखळत.

शेवटचा रविवार. शाबीचं प्रेशर एकशे अठ्ठ्याहत्तर.
तीस गोळ्या, रोज एक, सकाळी, काहीतरी खाऊन.
शाबीने मोजल्या. पदराच्या गाठीत बांधल्या.
मग माझ्याकडे न बघता, तिच्याकडे बघून विचारलं,
"ह्यो सोंपल्यो काय, मागीर?
खात्री परत केन्ना येतली?"

काद्रीचा व्हिसा बुधवारी संपत होता.
बॅग भरलेली होती, मीच चेन ओढून दिली होती.
काय म्हणतात त्या, तिने विचारलं.
मी म्हटलं, तुझे आभार मानतायत.

काद्रीने तिचे दोन्ही हात धरले
आणि अजिबात न अडखळता म्हणाली,
देव बरें करूं.

शाबीला इंग्रजी येत नाही.
पण तिने माझ्याकडे पाहिलं,
चुकीचं माप घालणाऱ्या दुकानदाराकडे पाहावं तसं,
आणि काही न बोलता चपला घातल्या.

पुढच्या महिन्यात मी एकटीच गेले.
प्रेशरचं यंत्र मागे राहिलं होतं, गोळ्या नव्हत्या.
तीन माणसं आली. चौथी शाबी.
पदराची गाठ सुटलेली.
तिने दंड पुढे केला, मी पट्टा गुंडाळला,
फुगा दाबताना माझाच हात भरून आला.

"कितें म्हणटा?"
एकशे ब्याऐंशी, मी म्हटलं. वाईट आहे.
मधे कुणीच नव्हतं.
काणकोणच्या सरकारी इस्पितळात गोळ्या फुकट मिळतात,
सव्वासातची बस धरायची, कागद बरोबर न्यायचा,
मी कागद लिहून दिला.

"सव्वासात?" तिने विचारलं. "खात्री?"

सव्वासात, मी म्हटलं.
कधीकधी येत नाही.